सामानाची खोली

रिसोडच्या आमच्या घरात तीन खोल्या आहेत. त्यांतली सगळ्यात मोठी खोली आम्ही वीस वर्षं वापरली नाही. ती सामानाला दिली होती, आणि देणारी मीच होते. मुलगी चार वर्षांची झाली त्या वर्षी मी त्या खोलीत स्टीलची सहा ताटं नेऊन ठेवली आणि दाराला कुलूप घातलं. किल्ली परकराच्या नाडीला बांधली. ते तिच्या जहेजचं पहिलं सामान. मुलीला लग्नात द्यायच्या वस्तूंना आमच्यात जहेज म्हणतात.

माझे मालक बाजार समितीजवळ बारदान्याचं दुकान चालवतात. बारदाना म्हणजे धान्याची रिकामी पोती. सोयाबीन निघालं की दीड-दोन महिने त्यांना मान वर करायला फुरसत नसते, बाकी वर्षभर ते दुकानात वर्तमानपत्र वाचतात. मी घरी मशीनवर ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. माझी शाळा मराठीत झाली. घरात आम्ही वऱ्हाडी आणि उर्दू अशी मिसळून बोलतो, कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू होऊन कुठं संपलं हे आमचं आम्हालाही सांगता येत नाही.

खोलीचं कुलूप का लागलं ते सांगायचं तर माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगावं लागेल. माझे वडील सायकली दुरुस्त करायचे. त्यांनी त्यांच्या ऐपतीप्रमाणे मला एक पत्र्याची पेटी भरून दिली होती. सासरी दुसऱ्या दिवशी नवरीची पेटी बायकांसमोर उघडायची रीत होती. मालकांची फुफी, म्हणजे आत्या, पुढं बसली. तिनं एकेक वस्तू काढून चटईवर मांडली. चार पातेली, तांब्या, दोन चादरी, कपबशा, माझे कपडे. पेटी लवकर रिकामी झाली. फुफीनं आत हात फिरवला, तळाचा कागद उचलून खाली पाहिलं आणि म्हणाली, “बस? इतलंच?”

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या सासूनं पुढं होऊन सगळं पेटीत परत ठेवलं, झाकण लावलं आणि सगळ्यांना म्हणाली, “चहा थंडा होऊन राह्यला.” सासूनं तो विषय पुढं जन्मभर काढला नाही. पण मी तो रोज काढत होते, मनातल्या मनात. माझ्या मुलीच्या पेटीसमोर बसून कुणी असं बोलणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

मग खोली भरत गेली. दिवाळी-ईदच्या शिलाईतून दरवर्षी काही ना काही यायचं. तांब्याची देगची, बिर्याणीचं मोठं पातेलं, गाद्या, रजया, लोखंडी कपाट, सुटा केलेला पलंग, मिक्सर, प्रेशर कुकर, निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या कपबशा, क्रोशाचे रुमाल जे मी स्वतः विणले. एक कपाट पुरलं नाही म्हणून दुसरं आलं. ते भिंतीला लावायला जागा नव्हती, तेव्हा पूर्वेच्या खिडकीला लावलं आणि खिडकी बंद झाली.

सामान आणणं सोपं होतं. सांभाळणं हेच खरं काम होतं, आणि ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वर्षातून दोनदा रजया उन्हात घालायच्या, त्यासाठी चार दिवस जायचे. डांबराच्या गोळ्या बदलायच्या. तांब्याला चिंच लावायची. उंदीर, झुरळं, पावसाळ्यातली ओल. एकदा माझ्या मामेबहिणीनं तिच्या घरी मेहकरला चार दिवस राहायला बोलावलं. आम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या. मी गेले नाही, कारण कपाटाखाली वाळवी दिसली होती आणि माझं घरातून पाऊल निघेना. नमाज मी कधी चुकवली नाही, पण ती कशी पढत होते ते मलाच ठाऊक. कपाळ जानमाजवर, म्हणजे नमाजच्या आसनावर, टेकलेलं आणि डोक्यात हे, की रजईच्या पेटीची कडी लावली का नाही.

आम्ही पाच माणसं उरलेल्या दोन खोल्यांत राहायचो. आम्ही दोघं, मुलगी, मुलगा आणि सासू. मुलगा पुढं पुण्याला कामाला लागला. सासूची खाट ओसरीत होती. तिथं तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रा. मुलगी नववीत होती त्या उन्हाळ्यात सासूला दम लागायला लागला. एक दिवस दुपारी मी शिवत बसले होते. सासू दाराशी येऊन उभी राहिली.

“बेटी, त्या खोलीत खिडकी हाय ना? मले तिथं पडू दे. ओसरीत जीव घाबरते.”

मी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, “अम्मा, सामान कुठं ठेवू मी? पोरीचं लग्न झालं की खोली तुमचीच हाय.”

“बरं,” सासू म्हणाली. ती गेली आणि खाटेवर बसली.

तिनं पुन्हा मागितली नाही. दोन वर्षांनी, मे महिन्यात, त्याच खाटेवर ती गेली. वय झालं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कुणी मला बोल लावला नाही. मीही स्वतःला हेच सांगितलं की वय झालं होतं. चाळिसाव्याच्या जेवणाला मोठं पातेलं कमी पडलं, तेव्हा मी खोलीतलं बिर्याणीचं पातेलं काढलं नाही. शेजारणीकडून मागून आणलं. झालं ते असं झालं.

मुलगी नर्सिंग शिकली आणि शिरपूर जैन या गावाजवळच्या एका दवाखान्यात लागली. आठवडाभर तिथंच एक खोली घेऊन राहायची, शनिवारी एसटीनं घरी यायची. पहिल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे दोन दिवस राहायला गेले. जाताना मोठी पिशवी भरून नेली. तिच्या खोलीत एक खाट, भिंतीला दोन खुंट्या, गॅसची शेगडी, पुस्तकांचा एक गठ्ठा आणि जानमाज होती. झाडायला दोन मिनिटं लागत. तिनं माझी पिशवी उघडून पाहिली, लोणचं आणि स्वेटर ठेवून घेतला आणि बाकी सगळं तसंच पिशवीत भरून माझ्या चपलांजवळ नेऊन ठेवलं.

“हे काहून परत?”

“मले नाही लागत अम्मी. तू आली ना, बस.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शिरपूरच्या धर्मशाळेतून एक बाई तिला बोलवायला आल्या. पायी फिरणाऱ्या काही जैन साध्वी तिथं उतरल्या होत्या आणि त्यांच्यातल्या एकीच्या तळपायाला मोठा फोड येऊन चिघळला होता. मुलीनं पट्टीचं सामान घेतलं. मी एकटी बसून काय करणार, म्हणून सोबत गेले.

साध्वी माझ्याच वयाच्या असाव्यात. पांढरे कपडे, उन्हानं रापलेला चेहरा. मुलीनं पाय मांडीवर घेऊन जखम धुतली, पट्टी बांधली आणि तीन दिवस चालायचं नाही म्हणून सांगितलं. साध्वी म्हणाल्या, “दोन चालतील का?” मुलगी म्हणाली, “तीन.” त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, मी काय करते. मी म्हटलं, शिवणकाम.

“मग माझं एक काम कराल का,” त्या म्हणाल्या. त्यांचं सामान बांधायचं कापड एका कोपऱ्याला उसवलं होतं. सुई धर्मशाळेच्या बाईंकडून मागून आणली. सुईसुद्धा त्या जवळ ठेवत नाहीत, मागून आणतात आणि दिवस मावळायच्या आत परत करतात, हे मला तेव्हा कळलं. कापड शिवायचं तर रिकामं करायला हवं, म्हणून त्यांनी गाठ सोडून आतलं सगळं चटईवर मांडलं. पांढऱ्या कपड्यांचा एक जोड. एक शाल. एकात एक बसणारी लाकडी पात्रं. दोन-तीन पुस्तकं. मी कापड हातात घेतलं आणि वाट पाहत राहिले की आणखी काही निघेल.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बस? इतलंच?”

शब्द माझ्याच कानावर पडले. आवाज माझा होता, पण तो सूर मला चांगला ओळखीचा होता. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला ती जुनी गोष्ट माहीत होती, शंभरदा मीच सांगितली होती.

साध्वींना अर्थातच काही लागलं नाही. त्या म्हणाल्या, “चढ आला की हेही जड होतं.” आणि पुस्तकांतलं एक पुस्तक उचलून म्हणाल्या, “हे वाचून झालंय. इथंच ठेवून जाणार आहे.”

मी कापडाला दुहेरी टीप घातली. दहा मिनिटांचं काम होतं, पण मी हळूहळू केलं, कारण मला मान वर करायची नव्हती. माझ्यासमोर एक बाई बसली होती जिचं सगळं घर एका चटईवर मावत होतं, आणि तिला कुणी काय म्हणेल याची तिला जराही भीती नव्हती. एवढंच मी पाहिलं. त्यांनी मला उपदेश केला नाही, मीही काही विचारलं नाही.  रिसोडला आल्यावर मी नेहमीप्रमाणे खोलीचं कुलूप ओढून पाहिलं.

त्यामुळे त्या दिवशी मी बदलले असं मी म्हणणार नाही. नाही बदलले. पुढच्याच वर्षी मुलीचं लग्न ठरलं आणि मी आणखी दोन गाद्या भरायला टाकल्या.

नवरा मुलगा कारंजा तालुक्यातल्या धनजचा. थोडी शेती, आणि विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचं काम. वडील नाहीत, आई आणि तो. मुलीनं त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं होतं आणि दोघांचं काय ते ठरलं होतं. एका शनिवारी ती आली, हातपाय धुतले, माझ्या मशीनजवळ खाली बसली.

“अम्मी, मले त्या खोलीतलं काही नको.”

“काही म्हणजे?”

“काहीच. निकाह मशिदीत होईन. खजूर वाटू, शरबत देऊ, अन् मी जाईन. त्यायच्या घरी भांडे हायेत, पलंग हाय. आमी दोघंबी कमावतो. लागलं तं घेऊ.”

“लोक काय म्हणतीन?”

“कोन लोक?”

 मग मला राग आला. राग आला की मी कात्री जोरात आपटते, तशी आपटली. म्हणाले, “वीस वर्षं डोळे फोडून म्या हे कोणासाठी जमवलं?”

 ती जमिनीवर पडलेले धाग्याचे तुकडे गोळा करत राहिली. मग म्हणाली, “माह्यासाठी नाही अम्मी. त्या फुफीदादीसाठी जमवलं तू. ते तं कवाच मरून गेली.”

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती रविवारी संध्याकाळी शिरपूरला गेली तेव्हा दारापर्यंतसुद्धा गेले नाही. सोमवारी मी मालकांना म्हटलं, “एक टेम्पो सांगून ठेवा. निकाह झाला की मागून सामान पाठवून देऊ. घरी पोचल्यावर ते काय, परत थोडीच पाठवणार हाय.”

मालक कमी बोलणारे. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी अडवलं नाही आणि कधी साथही दिली नाही, असं मी बहिणींना गमतीनं सांगते. ते दुकानात निघताना खुंटीवरची टोपी काढत होते. तिथंच पाठमोरे उभे राहून म्हणाले, “मायनं मागितली होती ती खोली.”

मला वाटत होतं त्यांना ते माहीत नाही.

“तुमाले कोनं सांगतलं?”

“तिनंच. म्हणे, तू काही बोलू नको तिले, तिच्या मनात जुनी गोष्ट हाय. म्हणून मी नाही बोललो. बोलाले पायजे होतं.” मग ते वळले. “आता रिकामी होऊ दे. टेम्पो नाही सांगत मी.”

ते दुकानात गेल्यावर मी कुलूप काढलं आणि खोलीत गेले. नेहमी मी जायचे ती एखादी वस्तू ठेवायला किंवा मोजायला. त्या दिवशी दोन्हींतलं काही नव्हतं, म्हणून पहिल्यांदा नीट पाहिलं. कुकरचं रबर विरून त्याचा भुगा झाला होता. मिक्सर मी लावून पाहिला तर गुरगुरला आणि थांबला. तो कधी चाललाच नव्हता, न चालताच म्हातारा झाला होता. दोन रजयांत उंदरांनी घरं केली होती. ताटं एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना नख तुटलं. क्रोशाचे रुमाल घड्यांवर पिवळे पडले होते. माझ्या मुलीला जे द्यायचं म्हणून मी तिच्या दादीला खोली नाकारली, ते सामान असं होतं.

मी दुसरं कपाट खिडकीपासून ढकललं. एकटीनं ढकललं, कसं ते माहीत नाही. खिडकीचा अडसर गंजला होता, वरवंट्यानं ठोकून काढला. वारा आत आला. त्या खोलीत इतका वारा येत असेल हे मी विसरून गेले होते. मी गादीच्या गठ्ठ्यावर बसले आणि खूप रडले. सासूसाठी रडले हे खरं. पण खरं सांगते, रडताना मधेच मला बरंही वाटत होतं. किती तरी वर्षांनी पाठीवरचं काही उतरल्यासारखं. त्या बरं वाटण्याची लाज वाटली, तरी वाटायचं ते वाटत राहिलं.

मग मुलीला फोन केला. ती कामावर होती, घाईत होती.

“काय अम्मी?”

“काही नाही. तुले कोणते दोन पातेले पायजे तेवढं सांग.”

 ती म्हणाली, “एक तवा अन् चहाचं पातेलं. बाकी तिकडं हाय.”

निकाह असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या, नमाजनंतर आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत झाला. खजूर वाटले, शरबत दिलं. सगळं आटोपायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा जास्त वेळ मला पूर्वी रजया झटकायला लागायचा. मोहल्ल्यात कुजबुज झाली. एकीनं विचारलं, मुलीत काही खोट आहे का. दुसरी म्हणाली, बारदान्याचा धंदा बसला वाटते. मी दोघींना खजूर दिले. पूर्वीची मी असते तर आठ दिवस जेवले नसते. त्या दिवशी मला भूक लागली होती आणि मी पोटभर जेवले.

भीती मात्र एक होती, आणि ती मुलीच्या सासूची होती. तिसऱ्या दिवशी आम्ही धनजला गेलो. मुलगी एक बॅग आणि एक पिशवी घेऊन गेली होती, पिशवीत तवा आणि पातेलं. विहीणबाई शेतातून आल्या, पायाला माती, डोक्यावर वैरणीची पेंडी. त्यांनी पेंडी टाकली, हात धुतले आणि माझा हात धरून आत नेलं. मी बोलायला सुरुवात केली, “आमी काही दिलं नाही, पोरीनंच...”

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. “बाई, बरं झालं. म्या रोज दुवा करत होती की हे लोक काही आणू नये. ठेवू कुठं? माह्या माहेरचा पलंग अजून गोठ्यात उभा हाय, त्याच्यावर कोंबड्या बसतात.”

त्यांनी तो पलंग मला नेऊन दाखवला. खरोखरच कोंबड्या बसल्या होत्या. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून हसलो, इतकं की जावई काय झालं म्हणून पाहायला आला.

सामान काढायला दीड महिना लागला. सांभाळणं जसं सोपं नव्हतं तसं देणंही सोपं निघालं नाही. पहिल्यांदा एक ओळखीची बाई आली. तिच्या मुलीचं लग्न होतं, ती म्हणाली, सगळंच मला द्या, तुम्हाला सवाब मिळेल, पुण्य लागेल. माझा होकार ओठावर आला होता. मग वाटलं, म्हणजे ही खोली इथून उचलून तिच्या मुलीच्या पाठीवर ठेवायची. मी तिला म्हटलं, मुलीला जे रोज वापरायचं आहे ते घेऊन जा, दाखवायला काही नेऊ नको. ती जरा नाराज झाली, पण ताटं आणि एक कपाट घेऊन गेली. मी केलं ते बरोबर का चूक, मला अजून नीट कळलेलं नाही.

बिर्याणीचं पातेलं आणि देगची मोहल्ल्यासाठी काढून ठेवली. कुणाच्या घरी कार्य असलं की घेऊन जातात, धुऊन आणून देतात. एकदा देगची पोचा पडून आली, तर मला काही झालं नाही, मला स्वतःचंच नवल वाटलं. पलंग शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईला दिला, ती जमिनीवर झोपायची. गाद्या आणि चांगल्या रजया राहिल्या. दसऱ्यानंतर आमच्या भागातली गावंच्या गावं ऊस तोडायला निघतात. बायकापोरं ट्रॅक्टरवर बसून जातात आणि थंडीत फडातच राहतात. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी एक बाई त्यांच्यातली होती. तिला मी म्हटलं, किती लोक आहात? ती चार बायकांना घेऊन आली. रजया हातात घेऊन एकीनं विचारलं, “नव्या हायेत? मंग तुमी वापरल्या कायले नाही?”

मी म्हटलं, “अक्कल नव्हती.”

त्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत केली.

सगळं दिलं असं मात्र नाही. निळ्या फुलांच्या सहा कपबशा मी दिल्या नाहीत. दोनदा दाराशी नेऊन परत आणल्या. मग विचार केला, ठेवायच्याच तर ठेवून काय करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतच चहा केला. आता चार उरल्या आहेत. दोन मालकांच्या हातून फुटल्या.

खोली रिकामी झाली, चुना दिला. पहिले काही दिवस मी तिथं जाऊन नुसती उभी राहायचे. करायला काही नव्हतं. मग सकाळच्या नमाजसाठी तिथं जाऊ लागले. कुराण मी लहानपणापासून अरबीत पढत आले होते, पण सगळा अर्थ एका ओळीनं कधी वाचला नव्हता. वेळ नाही असं म्हणायचे. मुलीनं मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आणून दिला. रोज एक पान, कधी अर्धं. काही पानं कळतात, काही कळत नाहीत. जे कळत नाही त्याच्यावर मी शिवता शिवता विचार करते. पूर्वी शिवताना डोक्यात हिशेब असायचा की या चार ब्लाउजांतून काय आणायचं. आता तो गेला. कामही मी कमी घेते, जेवढं डोळ्यांना आणि घराला पुरेल तेवढं. मामेबहिणीकडे जाऊन आले, चार दिवसांचे आठ दिवस राहिले. सासूसाठी रोज दुवा करते. ती माफ करेल का, हा प्रश्न मी सोडून दिला आहे, कारण तिनं राग धरलाच नव्हता हे मला ठाऊक आहे. माफी मला माझी मलाच मागायची होती, आणि ती थोडी थोडी मिळते आहे.

मागच्या रमजानात मी पहिल्यांदा एतिकाफला बसले. शेवटचे दहा दिवस दुनियेतली कामं सोडून इबादतीत, म्हणजे अल्लाच्या उपासनेत, बसायचं, त्याला एतिकाफ म्हणतात. पुरुष मशिदीत बसतात, आमच्यातल्या बायका घरातच एक जागा ठरवून बसतात. बायकांना घरात अशी जागाच नसते, म्हणून बहुतेक जणी बसत नाहीत. मला जागा होती. जानमाज, कुराण, तर्जुमा, तसबीहची माळ, दोन जोड कपडे आणि एक चटई घेऊन मी खोलीत गेले. मशीनवर चादर टाकली.

मालकांनी स्वयंपाक अंगावर घेतला. इफ्तारच्या वेळी दाराशी ताट ठेवून जायचे. पहिल्या दिवशी डाळीत मीठ नव्हतं, दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी दारातून विचारलं, “कशी झाली?” मी म्हटलं, “आज खाता येते.” पाचव्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं आणि डाळ चांगली व्हायला लागली.

चांद दिसला तशी मी बाहेर आले. शेजारीण मिठी मारायला आली, म्हणाली, “दहा दिवस काय केलं गं आत?”

“काही नाही. बसली होती.”

“कंटाळा नाही आला?”

“तिसऱ्या दिवशी आला. मग गेला.”

ईदच्या दिवशी मुलगी आणि जावई धनजहून आले. शीरखुर्मा झाला, जेवणं झाली. ऊन फार होतं, म्हणून दुपारी चौघंही खोलीत चटया टाकून आडवे झालो. जावई सगळ्यांत आधी झोपला, मग मालक घोरायला लागले. मुलगी हळू आवाजात दवाखान्यातली काही तरी गोष्ट सांगत होती, कुणा बाळंतिणीची, जिला गाडी मिळत नव्हती आणि मग मिळाली. मी हूं हूं करत होते. गोष्ट कुठं संपली ते मला कळलं नाही, मला झोप लागली.